सावडीतला युरो

युरोप मी आजवर दोनदा चुकीचा शिकवला. एकदा वर्गात आणि एकदा चिखलात. वर्गातल्या चुकीनं फारसं काही बिघडलं नाही, कारण बारावीच्या पोरांनी ऐकलंच नव्हतं. चिखलातल्या माणसांनी मात्र माझा शब्द न् शब्द ऐकला. अजून कुणी ‘सर, तुम्ही सांगाल तसं’ म्हणालं की मी घाईनं विषय बदलतो, ते तेव्हापासून.

भोरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. राहतो गावाकडे, महामार्गाला लागून, किकवीच्या जरा अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही. एवढं सगळं होऊन गाव अजून माझ्याशी बोलतं, ते तसंच राहू दे. वडिलांच्या मागे दीड एकर भाताचं खाचर माझ्या नावावर झालं. नाव माझं, अक्कल बायकोची. कधी पेरायचं, कधी चिखल करायचा, रोप कधी उपटायचं, हे ती ठरवते. मी बांधावर छत्री घेऊन उभा राहतो आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला शोभेल असा चेहरा करतो.

आमच्या कॉलेजात एक शिपाई होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना सगळे मामा म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. आठवडाभर भोरला खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारी पिशवी उचलून वेल्ह्याच्या पुढे डोंगरात आपल्या वाडीला जायचे. एसटी पायथ्यापर्यंत, पुढे तासभर चढ. वाडी अकरा घरांची. एकदा चहा घेताना त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे भाताची लावण अजून सावडीनं होते. म्हणजे मजूर लावायचे नाहीत. आज सगळी वाडी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही सगळ्यांबरोबर दुसऱ्याच्या खाचरात. आमच्याकडेही पूर्वी हे होतं. मग पोरं कंपन्यांत गेली, बायका टेम्पोत बसून पॅकिंगला जायला लागल्या, आणि सावड राहिली फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात.

“पण कुणी किती दिवस दिले ते लिहितं कोण?” मी विचारलं.

“लिवायचं कशापायी? वाडीतलं शेवटचं खाचर लावून झालं, की झालं.”

“आणि एखाद्याची जमीन जास्त असेल तर?”

“तर जास्त दिस लागत्यात.”

“म्हणजे बाकीच्यांचं नुकसानच की!”

मामांनी कप माझ्याकडे सरकवला. “सर, च्या निवतोय,” म्हणाले.

मग आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. लावणीचा पहिला दिवस त्यांच्या चुलतीच्या खाचरात असतो. ती एकटी, घरात गडी नाही, दावणीला बैल नाही. ज्याच्याकडे बैल नाही त्याचं आधी, अशी त्यांच्याकडची रीत. हे ऐकून मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला वाटलं, किती हा अव्यवस्थितपणा!

तेव्हा मी वर्गात युरोपीय संघ शिकवत होतो. वेगवेगळे देश, एक बाजार, एक चलन. सीमेवर कुणी अडवत नाही, माल इकडून तिकडे, माणसं तिकडून इकडे. शिकवता शिकवता मला भातलावणी दिसायला लागली. डोंगरात पाऊस आधी, त्यामुळे त्यांची लावण आधी. आमच्याकडे पंधरा दिवस उशिरा. त्यांच्याकडे कामाला हात आहेत, आमच्याकडे नाहीत, पण गाड्या आहेत. त्यांची लावण चालू असताना आमची माणसं वर जातील, आमची सुरू झाली की ते खाली येतील. सगळी एकच सावड! एवढी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचं मला मनापासून आश्चर्य वाटलं. आपल्या डोक्यात आलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या डोक्यात का आली नसेल, हा प्रश्न तिथेच नीट विचारला असता तर हे लिहावं लागलं नसतं.

आमच्या गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, निवडणूक हरून दोन पंचवार्षिका झाल्या तरी गाव त्यांना चेअरमनच म्हणतं, त्यांना मी हे समजावलं. त्यांनी आजूबाजूच्या दोन गावांत शब्द टाकला. मामांनी वाडीत विचारलं. वाडी म्हणाली, सर म्हणतात तर करू.

मग मी चलन काढलं. परीक्षा विभागात जुन्या गुलाबी कार्डशीटचा गठ्ठा पडून होता. त्याचे पत्त्याएवढे तुकडे कापले. प्रत्येकावर कॉलेजचा शिक्का मारायचा होता, पण गोल शिक्का प्राचार्यांच्या कपाटात, म्हणून टपालावर मारतात तो ‘आवक’चा मारला. एक कार्ड म्हणजे एका माणसाचा एक दिवस. दिवस दिला की कार्ड मिळणार, घेतला की द्यावं लागणार. कार्ड संपली तर उधार, वहीत नोंद. वयाची अट अठरा ते साठ. वर असो की खाली, डोंगर असो की हायवे, दिवस म्हणजे दिवस.

“आणि चुलतीचं आदी लावायचं, त्ये?” मामांनी विचारलं.

“मामा, एक चलन म्हटलं की सगळ्यांना एकच नियम,” मी म्हणालो. “ज्यानं आधी कार्ड दिलं, त्याचं आधी.”

पहिलं वर्ष सुरेख गेलं. ठरेपर्यंत वरची लावण उरकत आली होती, म्हणून नुसती वाडीतली माणसं खाली आली आणि आमच्या खाचरांत दोरी लावल्यासारख्या ओळी उमटल्या. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ बायकोनं वाटणाला घेतला. शाल अजून आहे.

दुसऱ्या वर्षी आमची माणसंही वर गेली. आता खरं सांगतो. खाली ज्याचा कामाला उपयोग नाही, तो वर पाठवायचा, असं प्रत्येक घरानं आपापलं ठरवलं होतं. वाडीतली खाचरं म्हणजे पायऱ्या-पायऱ्या, कुठं कुठं पलंगाएवढी. गुडघाभर चिखल, धुकं, पाण्यात खेकडे. आमचे गडी एक ओळ लावून कंबर धरायचे, धबधब्यापाशी फोटो काढायचे आणि संध्याकाळी कार्ड मागायचे. नियमाप्रमाणे ते मिळायचं. वाडीतल्या बाईनं दिवसभरात लावलेलं खाचर आणि आमच्या गड्यानं दिवसभरात लावलेला कोपरा, दोन्हींची किंमत एक गुलाबी कार्ड.

शिवाय मी वाडीला भरीला घातलं. वर कितीतरी खाचरं माणसांअभावी पडून होती. मी म्हणालो, “आता हात मिळतायत, तर पडीकही लावून टाका. कार्ड नसली तर नसू द्या, पुढच्या वर्षी फेडा.” चेअरमनही म्हणाले, “घ्या की! आमची माणसं तरी हितं काय करत्यात?” वाडीनं घेतली. वर्षाअखेर वहीत वाडीच्या नावावर एकशे बावन्न दिवस निघाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, व्यवहार वाढतोय.

आणि मग दोन हजार पंधराचा जुलै आला.

त्या महिन्यात सगळी वर्तमानपत्रं ग्रीसनं भरलेली. कर्ज फिटत नाही, बँका बंद, यंत्रातून दिवसाला मोजकेच पैसे काढता येतात, लोकांचं मतदान, बाकीच्या देशांच्या रात्रंदिवस बैठका. आमच्याकडे वेगळंच संकट. जूनमध्ये चांगला लागलेला पाऊस गेला तो आलाच नाही. ना वर, ना खाली. चिखलाला पाणी नाही, म्हणून लावण अडलेली. सगळीकडे रोपं नुसती उभी.

स्टाफरूममध्ये टेबलावर पेपर पसरलेला होता. त्यात बँकेच्या दारात फरशीवर बसून रडणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो. पासबुक शेजारी पडलेलं. चहाचे कप गोळा करता करता मामा थांबले.

“ह्यो का रडतोय, सर?”

मला तर विचारायचाच अवकाश. “बँक बंद आहे ना, पेन्शन मिळाली नाही. यांच्या देशानं ऐपतीबाहेर उधारी केली मामा, वर हिशेब खोटे दाखवले. आता देणारे म्हणतात, आधी खर्च कापा, मग पुढचं बोलू. स्वतःचं चलन असतं तर किंमत पाडून माल तरी खपवला असता. पण चलन सगळ्यांचं एक, त्यामुळे हात बांधलेले.”

“पर ह्या म्हाताऱ्यानं काय केलं?”

“यानं काही नाही. देशानं केलं.”

“मंग देश कुठं बसून रडतोय?”

मी खो खो हसलो. पुढचे दोन दिवस स्टाफरूममध्ये येईल त्याला मी तो विनोद सांगत होतो. मामा हसले नव्हते, हे मला फार नंतर आठवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात पाऊस परतला, एकाच दिवशी सगळीकडे. वर आधी, खाली पंधरा दिवसांनी, ही माझी सगळी योजना ज्या एका खुंटीवर टांगलेली होती, ती खुंटीच निखळली. दोन्हीकडे चिखल तयार, दोन्हीकडे लावण आत्ताच हवी. आणि वाडीकडे आमचे एकशे बावन्न दिवस.

रविवारी सकाळी सोसायटीच्या गोदामात बैठक बसली. खताच्या पोत्यांवर आम्ही, समोर वही, शेजारी कार्डांचा डबा. वाडीतर्फे मामा एकटेच आले होते. एरवी कॉलेजात ते माझ्यापुढे बसत नसत. त्या दिवशीही उभेच राहिले.

“आमचं रोप म्हैन्यावर धा-पंधरा दिसांचं झालंय,” ते म्हणाले. “आणखी राह्यलं तर पेरं धरंल, मंग लावून बी फुटवा यायचा न्हाई. तुमचं मागनं पेरल्यालं, आठ-धा दिस दम काढतंय. तवा आदी आमचं आमाला उरकू द्या. तुमची मानसं बी नगं. आमचं झालं की समदी वाडी खाली येती. एकशे बावन्न काय, दोनशे दिस घ्या.”

चेअरमन मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “मास्तर, ह्यांचं म्हननं काय खोटं न्हाई.”

इथं थांबलो असतो तर काहीच झालं नसतं. गाव तयार होतं. चेअरमन तयार होते. माझं स्वतःचं रोप आठ दिवस आरामात थांबणार होतं; ‘अजून कवळं आहे, घाई करू नका’ असं बायकोनं निघतानाच बजावलं होतं. म्हणजे एकट्या माझ्या हातात होतं सगळं.

पण मी उभा राहिलो. खिशात पेपरातलं कात्रण होतं. मी युरोप सांगितला. म्हणालो, नियम एकाला सैल केला की उद्या दुसरा मागतो. तिकडे मोठमोठे देश हेच सांगतायत, आधी देणं, मग घेणं. वाडीबद्दल मला प्रेम आहे, मामा तर माझ्या घरचे आहेत, पण चलनाची पत राहिली पाहिजे. पत हा शब्द मी तीनदा वापरला. शेवटी म्हणालो, “आज आपण सैल सोडलं, तर आपलं ग्रीस होईल.” खताच्या गोदामात मी चार मिनिटं जर्मनीचा अर्थमंत्री होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

चेअरमननी मिशीवरचं बोट काढलं, बाकीचे वहीकडे बघत राहिले. शिकलेल्या माणसाला उलट कसं विचारायचं, हा त्यांचा संकोच. तो मला होकार वाटला.

मामा म्हणाले, “बरं. तुमी म्हंता तसं. फेडतो आमी.”

दुसऱ्या दिवसापासून टेम्पो भरून वाडी खाली यायला लागली. एकोणीस माणसं, आठ दिवस. एकोणीस आठे बावन्नाशे, मी बांधावर उभ्या उभ्या तोंडी हिशेब करून खूश झालो. पहिला मान मास्तरांचा म्हणून चेअरमननी पहिला दिवस माझ्या खाचराला दिला.

टेम्पोतून वीस माणसं उतरली. विसावी मामांची चुलती. सत्तरीची, बारीक, काष्टा घट्ट मारलेला. मी वही उघडली. “मावशी, तुमचा दिवस धरता येणार नाही. वय बसत नाही.”

“नगं धरूस बाबा,” ती म्हणाली. “पर मला निस्तं हुबं राह्यला येत न्हाई.”

आणि खाचरात उतरली. तिच्या हातून रोप चिखलात कसं जात होतं ते कळतही नव्हतं. पाण्यावर बोट टेकवल्यासारखं करायची आणि पुढे सरकायची. दुपारपर्यंत तिची ओळ सगळ्यांच्या पुढे. मी वहीत एकोणीस लिहिले.

जेवायला पिठलं-भाकरी केली होती. बायको सकाळपासून त्यांच्याबरोबर चिखलातच होती. तशीच पाय धुऊन वाढायला आली. चुलती बांधावर बसून आमच्या रोपाची एक मूठ हातात घेऊन बघत होती. मूठ म्हणजे उपटून बांधलेली जुडी.

“लई कवळं हाय गं अजून,” ती बायकोला म्हणाली. “आणखी आठ दिस सुखानं राह्यलं असतं.”

टोमणा नव्हता. दुसऱ्याच्या लेकराकडे बघून ‘लहान आहे अजून’ म्हणावं तसं म्हणाली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

संध्याकाळी टेम्पो गेल्यावर बायको म्हणाली, “त्यांचं रोप केवढं झालंय, ते विचारलंत का तुम्ही?”

“विचारलं. म्हणजे, मामांनीच सांगितलं.”

“मग?”

“अगं, पण नियम…”

“कुणी केला हो नियम?”

पुढचे सात दिवस ती माझ्याशी जेवणाच्या वेळेपुरतं बोलली. आठव्या दिवशी एकशे बावन्नावर मी तांबड्या शाईनं रेघ मारली. नवव्या दिवशी सकाळी उठलो तर तिनं भाकऱ्या बांधून तयार ठेवलेल्या. “कॉलेजात रजा कळवा,” म्हणाली. “वर जायचंय.” नसरापूर, वेल्हे, आणि पुढे रस्ता संपेपर्यंत ती मोटरसायकलवर मागे भाकऱ्यांचं गाठोडं धरून बसली. चढावर मात्र माझ्या पुढे.

वाडी खाचरात होती. मामा रोप उपटत होते. उपटलं की मूळ तुटायचं. त्यांनी एक काडी माझ्यापुढे धरली. शेंडा पिवळा, आणि मधे गाठ, बांबूला असते तशी.

“ह्ये बघा सर. पेरं धरलं.”

एवढंच. ‘सांगितलं होतं की नाही’ हे त्यांनी जोडलं नाही. जोडलं असतं तर बरं झालं असतं.

मी पँट वर करून चिखलात उतरलो. वाटलं, निदान एक दिवस देऊ. आयुष्यात पहिल्यांदाच भात लावत होतो, मालक असून. रोप खोचलं की हात काढताना तेही वर यायचं. वर येऊ नये म्हणून जोरात दाबलं, तर सगळंच आत जायचं. दहाएक ओळी लावून मागे पाहिलं. माझं अर्धं पीक पाण्यावर तरंगत होतं आणि चुलती वाकून एकेक काडी गोळा करून पुन्हा लावत माझ्या मागून येत होती. अर्थशास्त्राच्या माणसाला हिशेब लगेच कळला. माझ्या कामामुळे आणखी एका माणसाचा दिवस जात होता. माझा दिवस शून्यसुद्धा नव्हता, शून्याच्या खाली होता.

ते खाचर कुणाचं, ते मी जेवताना विचारलं. चुलतीचं होतं. जे दरवर्षी पहिल्या दिवशी लागायचं, ते. गेल्या वर्षी मात्र शेवटी लागलं होतं, तिच्याकडे कार्ड नव्हतं म्हणून. साठीच्या वरच्यांना मिळत नव्हतं ना.

मला राहवेना. सोबत कार्डांचा डबा आणला होता. मी उभा राहून जाहीर केलं, की वाडीकडे जे काही देणं आहे ते सगळं माफ. डबाही उघडून पुढे धरला.

मामा भाकरी मोडता मोडता थांबले. “कसलं देनं, सर? कालच फिटलं की.”

खरंच होतं. माफ करायला काहीच उरलं नव्हतं. पै न् पै, म्हणजे दिवस न् दिवस, त्यांनी वसूल होऊ दिला होता, आणि रेघ माझ्याच हातानं मारलेली होती. बायकोनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. हसत होती की काय करत होती, मला दिसलं नाही.

त्या वर्षी वाडीतलं भात बरंचसं पोचट गेलं. लोंबी वर, दाणा नाही. माझ्या सांगण्यावरून जी पडीक खाचरं लावली होती, ती पुन्हा पडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मामा नेहमी मला नवा तांदूळ आणून द्यायचे, चार शेराची पिशवी. त्या वर्षीही आणली. निम्मी. “औंदा जरा तुटकं हाय, सर,” म्हणाले, जणू चूक त्यांची. आणि मी ती घेतली. नको म्हणालो असतो तर त्यांचा अपमान झाला असता, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

आमच्या घरी मात्र त्या साली भात उत्तम आला. पहिले काही दिवस ताटात वाढताना बायको म्हणायची, “कुणाच्या हातचा आहे, माहीत आहे ना?” मग तिनं म्हणणं सोडलं, तेव्हा जास्त लागायला लागलं.

सावडीची एकी तिथंच संपली. कुणी मोडली नाही. पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. मी वाचन वाढवलं. त्यात कळलं, की ग्रीसला सोडवायला म्हणून दिलेल्या पैशातला पुष्कळसा ज्यांनी आधी कर्ज दिलं होतं त्यांच्याकडेच फिरून गेला. की तिथली माणसं आळशी नव्हती. तासांत मोजलं तर जर्मनांपेक्षा जास्तच राबत होती. आणि त्यांना उधार द्यायला लोक दारात रांग लावून उभे होते, कारण त्या उधारीवर त्यांचाच माल खपत होता. मला हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती. माझ्या खाचरात एकोणीस माणसं दिसली होती. वीस.

आता वर्गात मी हा धडा शिकवतो तेव्हा म्हाताऱ्याच्या फोटोपाशी थांबतो आणि मामांचा प्रश्न पोरांना विचारतो: देश कुठं बसून रडतो? पोरं हसतात. मी हसू देतो. मीही हसलो होतो.

मामा निवृत्त होऊन आता वाडीतच असतात. दरवर्षी लावणीत एक दिवस आम्ही नवरा-बायको वर जातो. वाडीत जुनीच सावड चालू आहे. माणसं कमी झाली, घरं अकराची आठ राहिली, पण पहिला दिवस पुन्हा चुलतीच्या खाचरात असतो. बायकोला लगेच ओळीत घेतात. मला पहिल्याच वर्षी मामांनी सांगून टाकलं, “सर, तुमी रोपाला हात लावू नगा. मुठी पोचवा.” म्हणून मी मुठी पोचवतो.

चुलती ऐंशीच्या पुढे गेली. आता लावत नाही. बांधावर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बसते आणि सगळ्यांना ओरडते. गेल्या जुलैत मी खिशात एक गुलाबी कार्ड घेऊन गेलो. डबा घरात आहेच. मागे तिचं नाव लिहिलं, पुढे शिक्का होताच. तिच्याजवळ बसलो.

“मावशी, तुमचा एक दिवस माझ्याकडे राहिलाय.”

“कसला दिस?”

“माझ्या खाचरात लावलं होतं तुम्ही. मी वहीत धरला नव्हता.”

“लावलं आसंल. लई ठिकानी लावलंय.” तिनं कार्ड उलटंसुलटं केलं. “ह्येचं काय करू?”

“हे दाखवायचं आणि माझ्याकडून एक दिवस काम करून घ्यायचं.”

तिनं खाचराकडे पाहिलं. मी नुकत्याच टाकलेल्या मुठींतल्या दोन सुटून पाण्यावर पसरल्या होत्या आणि बायको त्या गोळा करत होती.

“नगं बाबा,” चुलती म्हणाली. “हितं आदीच लई काम पडलंय.”

कार्ड तिनं परत माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. पावसात भिजू नये म्हणून वरचं बटण लावलं, आणि हातानं दोनदा थापटलं.

“जा, मुठी संपल्या बग त्यांच्या,” म्हणाली.

मी उठलो.